साडेतीन सुतांचा बोल्ट

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी दुपारी साडेतीन वाजता आक्कांनी अंगणातल्या जुन्या व्हॅनच्या स्टिअरिंग बॉक्सचा एक घट्ट बसलेला बोल्ट पाना लावून काढला. तो बोल्ट काढायला घरात मनाई होती. मनाई करणारे अण्णा त्या वेळी दुकानात होते. मी जागेवर होतो. पान्याच्या दांड्यावर चढवलेल्या लोखंडी पाइपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

अण्णा माझे घरमालक, आक्का त्यांच्या पत्नी. बेळगावात शहापूरच्या एका गल्लीत, त्यांच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं राहिलो. तेव्हा मी तिथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दुपारी चारला कामावर जायचो, त्यामुळे सकाळ आणि दुपार मोकळी असायची. अण्णांविषयी मला जी माहिती आहे ती बहुतेक त्या वेळातली आहे.

त्यांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. दुसऱ्यांनी बनवलेला माल मापून नाकारायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी नटबोल्टांचं दुकान काढलं. विक्री हा त्या दुकानाचा मुख्य व्यवसाय होता असं म्हणता येणार नाही. गिऱ्हाईक आत आलं की अण्णा पहिला प्रश्न विचारत, "जुना कुठाय?"

जुना बोल्ट आणला नसेल तर नवा मिळत नसे. मोडलेला, गंजलेला, अर्धाच राहिलेला, कसाही चाले, पण जुना लागे. कारण सरळ होतं. जुन्या गाडीत कुठे इंचाचं माप असतं, कुठे मिलिमीटरचं, आणि दोन्ही बोल्ट हातात घेतले तर सारखेच दिसतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे आत जातो, मग अडतो. मेकॅनिक पाना लावून त्याला पुढे ढकलतो आणि भोकाचे आटे खाऊन टाकतो. "बोल्ट बसतोय म्हंजे बरोबर हाय, असं नसतंय," अण्णा सांगत. "बसतोय तर काय, बसमधी कुणीबी बसतंय."

दुकानाच्या पाटीवर अक्षर नव्हतं. फक्त एक बोल्ट काढलेला होता, षटकोनी डोकं आणि खाली आटे. पाटी कुठल्या भाषेत असावी याबद्दल आमच्या गावात लोकांना ठाम मतं आहेत. अण्णांची पाटी बघून एका बाजूच्या कार्यकर्त्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. आठवड्याभरानं दुसऱ्या बाजूच्यांनीही केलं. मी त्यांना खरं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "पेंटरनं आटे उलटे काढल्यात बघा. डाव्या हाताचे. ते दुरुस्त करून दे म्हटलं, मग नाव लिही म्हटलं. आलाच न्हाय परत."

येळ्ळूरचा एक शेतकरी एकदा माझ्यासमोर दुकानात आला. ट्रॉलीच्या हुकाचा बोल्ट मोडला होता.

"अण्णा, सगळ्यात कडक बोल्ट द्या. परत मोडाय नको."

"जुना कुठाय?"

"मोडला की ओ."

"मोडलेलाच दाव."

त्यानं खिशातून तुकडा काढला. अण्णांनी भिंग लावलं आणि तुटलेला भाग बराच वेळ पाहिला. "ह्यो वाकून मोडलाय. म्हंजे ह्यानं आधी तुला सांगितलंतं. आठ-दहा दिस आवाज येत हुता का न्हाय?"

"येत हुता."

"मग?"

"सीझन हुता ओ अण्णा. कुणाला टाइम हाय?"

"कडक घेतलास तर आवाज येणार न्हाय. एकदम जातंय. ट्रॉलीत माणसं बसवतोस?"

"बसत्यात. न्हाय म्हटलं तरी बसत्यात."

"मग ह्योच घे. वाकणारा." त्यांनी डोक्यावर आठ पूर्णांक आठ असा ताकदीचा आकडा असलेला बोल्ट पुढे केला. शेतकऱ्यानं तो हातात तोलला, आभार मानले आणि समोरच्या दुकानातून त्याहून कडक, बारा पूर्णांक नऊचा घेतला. अण्णांनी ते पाहिलं. पुढे त्या ट्रॉलीचं काय झालं याची नोंद माझ्याकडे नाही.

स्टेनलेस स्टीलचे चकचकीत बोल्ट ते ठेवत, पण गाडीसाठी देत नसत. एका तरुणानं जुन्या मोटारसायकलच्या चाकासाठी मागितले. अण्णा म्हणाले, "आरशागत दिसतोय, खरं ताकद न्हाय त्याला. दाराच्या कडीला लाव. बायको खूश हुईल." तरुणाचं लग्न झालेलं नव्हतं. "मग तर घाईच न्हाय," अण्णा म्हणाले.

ते आमचं दैनिक रोज वाचत, भिंग घेऊन. बातमीच्या आशयावर त्यांनी कधी मत दिलं नाही. मापांवर दिलं. "तुमच्या पेपरात काल छापलंय, सुमारे वीस फूट खोल विहीर. सुमारे म्हंजे किती?" मी सांगितलं की बातमीदारानं विहीर मोजलेली नसते. ते म्हणाले, "मग खोल विहीर म्हणा. वीस कशाला म्हणता?" या प्रश्नाचं उत्तर मी आमच्या वृत्तसंपादकांनाही विचारलं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि दुसरं काम दिलं.

अशा माणसाच्या अंगणात एक व्हॅन चार वर्षं सात महिने एका बोल्टावाचून उभी होती.

व्हॅन आक्कांची. त्यांचे वडील निपाणीत तंबाखूचे व्यापारी होते. व्हॅन त्यांनी घेतलेली. तिचं इंजिन आणि सांगाडा मुळात परदेशी आराखड्यावरचा, वरचा पत्रा इथला. वखारीच्या पटांगणात, तंबाखूच्या बोदांमधून, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यांमधून, त्यांनी मुलीला ती चालवायला शिकवली. आक्का तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. वडील गेल्यावर भावानं धंद्याचे ट्रक स्वतःकडे ठेवले आणि व्हॅन बहिणीच्या नावावर करून दिली. आक्का तिच्यातून भावाकडे जात, येळ्ळूरहून तांदूळ आणत, गल्लीतल्या बायकांना लग्नांना नेत. अण्णा शेजारी बसत. त्यांना गाडी चालवता येत नाही. हे पुष्कळांना खरं वाटत नाही, म्हणून नोंदवतो.

जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्यासाठी गाडी परिवहन कार्यालयात चालवतच न्यावी लागते. मागची तपासणी पास झाल्यावर पाचव्या महिन्यात अण्णांनी व्हॅनचा खालचा भाग साफ करायला घेतला. स्टिअरिंग बॉक्स चासीला चार बोल्टांनी धरलेला असतो. त्यातला सर्वांत खालचा बोल्ट त्यांनी काढून पाहिला. आटे झिजले होते. तो परत लावायला त्यांनी नकार दिला.

हे योग्यच होतं. स्टिअरिंगचा बोल्ट आहे, जीव त्याच्यावर असतो. आक्कांनीही मान्य केलं. प्रश्न नव्या बोल्टाचा होता.

काढलेला बोल्ट अण्णांनी मापला. साडेतीन सूत, बारीक आटे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाजारात तीन सूत मिळतं, चार सूत मिळतं. साडेतीन सूत, तेही बारीक आट्यांचं आणि त्या लांबीचं, आता कुणी ठेवत नाही. अण्णांच्या दुकानात नव्हतं. बेळगावात नव्हतं. कोल्हापूरच्या जुन्या बाजारात त्यांनी दोन दिवस काढले. लुधियाना आणि कोइमतूरच्या विक्रेत्यांना इंग्रजीत पत्रं गेली. ती मी लिहिली. दोघांचंही उत्तर आलं, नमुना पाठवा. अण्णांनी नमुना पाठवला नाही. "एकुलता एक हाय," ते म्हणाले. "कुरियरवाल्यानं हरवला तर?"

जुन्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं लेथवर तसाच बोल्ट करून दिला. अण्णांनी त्याच्यावर भिंग धरलं आणि तो बाजूला ठेवला. लेथवर आटे कापून काढतात. कारखान्यात दाबून उठवतात. दाबलेले मजबूत असतात. सहकारी म्हणाला, "अरे एकदा लावून तरी बघ." अण्णा म्हणाले, "लागणारच की. लागायचा प्रश्नच न्हाय." लावून पाहिला नाही. ज्या भोकात बोल्ट जायचा त्यात त्यांनी ग्रीस भरून वर स्वच्छ फडक्याचा बोळा घातला होता, धूळ जाऊ नये म्हणून. तो बोळा त्या काळात कुणी काढला नाही.

उरलेल्या तीन बोल्टांना हात लावायला बंदी होती. घट्ट आहे ते उघडायचं नाही, हा कारखान्यातला नियम.

पिरनवाडीचा एक मिस्त्री पूर्वी व्हॅनचं काम करायचा. पहिल्या वर्षी त्यानं सुचवलं की भोक मोठं करून कुठलाही बोल्ट घालू, वर दोन वायसर लावू. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि परत न येण्याची विनंती केली. तो दोन वर्षं गल्लीत आला नाही. एकदा मला बाजारात भेटला तेव्हा त्यानं विचारलं, "बोल्ट मिळाला काय ओ?" मी नाही म्हटलं. "मिळायचा न्हाय," तो म्हणाला. "त्यांला मिळवायचाच न्हाय तो." हे त्याचं मत आहे. मला त्याला दुजोरा देणारा पुरावा मिळाला नाही. विरोधातलाही नाही.

आक्का दर रविवारी व्हॅन धूत. विम्याचा हप्ता भरत. आपला वाहन परवाना त्यांनी मुदतीआधी नवा करून घेतला, त्या वेळी डोळ्यांची तपासणी करून आल्या आणि मला सांगितलं, "चष्मा लागला, खरं लांबचं अजून चांगलं हाय." निपाणीला त्या या काळात बसनं जात. एकदा उभ्यानं जावं लागलं. घरी येताना स्टँडवरून कुंडा, ही इथली खव्याची मिठाई, आणली होती ती मला दिली आणि आत गेल्या.

मे महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकतीस तारखेला गोल केला. त्या दिवशी नोंदणीची मुदत संपत होती. नोंदणी निपाणीकडची, त्यामुळे तपासणी चिकोडीत. शुक्रवारची वेळ मिळाली होती. ती चुकली तर उशिराचे अर्ज, दंड, पुन्हा वेळ. आणि भंगाराचा एक व्यापारी दोनदा येऊन व्हॅनभोवती फिरून गेला होता. दुसऱ्यांदा त्यानं टायर लाथेनं तपासलं. आक्का पायरीवर बसून गहू निवडत होत्या. "त्येला लाथ मारू नगोस," त्या म्हणाल्या. तो सॉरी म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी अण्णांना विचारलं. मी भाड्याच्या पावतीसाठी खाली आलो होतो.

"शुक्रवारी जायाचं हाय नव्हं?"

"बोल्ट कुठं हाय?"

"तेच इचारतेय मी. बोल्ट कुठं हाय?"

"राजकोटला एकजण हाय म्हणं. पत्र लिहायचं हाय." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"पत्र जाऊन येईस्तोवर व्हॅन भंगारात जाईल."

"तीन बोल्टांवर गाडी न्यायची काय? घाटात स्टिअरिंग हातात आलं तर?"

"चिकोडीच्या वाटंला घाट कुठला आलाय ओ?"

"म्हणायला घाट म्हटलं."

"मोजून बोला की मग," आक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

बुधवारी सकाळी त्यांनी पिरनवाडीच्या मिस्त्रीला फोन करून बोलावलं. अण्णा दहाला दुकानात गेले, तो सव्वादहाला आला. त्यानं नवी बॅटरी जोडली, टाकी आणि कार्बोरेटर साफ केले, ब्रेकचं तेल बदललं. दीड वाजता इंजिन सुरू झालं. गल्लीतली चार घरं बाहेर आली. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "आक्का, आता त्यो एक बोल्ट. माझ्याकडनं हुणार न्हाय. अण्णा परत चहा पाजतील." आणि तो गेला.

आक्का जेवल्या. मग त्यांनी अंगणात पोतं अंथरलं, चष्मा लावला आणि पुढच्या चाकामागे टॉर्च धरून आडव्या झाल्या. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली.

"ह्यें बघा. तीन बोल्टांची डोकी केवढी हाईत?"

मी पाहिलं. तिन्ही सारखी, एकोणीसच्या पान्याची.

"आणि अण्णांच्या डबीतला त्यो एकुलता?"

तो मी पुष्कळदा पाहिला होता. त्याचं डोकं लहान. सोळाचा पाना लागायचा. मी तसं सांगितलं, आणि अण्णांचं स्पष्टीकरणही सांगितलं, कारण तेही मी पुष्कळदा ऐकलं होतं: खाली जागा कमी आहे, पाना फिरत नाही, म्हणून बनवणाऱ्यांनी तिथे मुद्दाम लहान डोक्याचा बोल्ट दिला आहे.

आक्कांनी त्या जागेत एकोणीसचा पाना घातला आणि फिरवून दाखवला. फिरत होता.

"सदऱ्याची तीन बटनं एकसारखी आणि एक येगळं दिसलं," त्या म्हणाल्या, "तर येगळं कंपनीनं लावलेलं असतंय, का मागनं कुणी बायकूनं लावलेलं असतंय?"

मग पाइप आणायला सांगितलं. साडेतीनला वरच्या तीनपैकी एक बोल्ट सुटला. आक्कांनी तो पदराला पुसला, भोकातला बोळा काढला, ग्रीस काडीनं बाहेर ओढलं आणि बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवायला सुरुवात केली. तो शेवटपर्यंत गेला. डोकं चासीला टेकलं तेव्हा त्यांनी तो हलवून पाहिला. हलला नाही. मग तो काढून त्याच्या मूळ जागी पुन्हा लावला, पाइपसकट घट्ट केला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जावा कामावर. उशीर हुईल."

मी त्या दिवशी ऑफिसला फोन करून उशिरा येतो म्हटलं.

अण्णा सहाला आले. आक्कांनी त्यांना काय केलं ते तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. आतून व्हर्नियर आणलं, पोत्यावर आडवे झाले आणि जे मोजता येतं ते मोजलं. नंतर पायरीवर बसून कागदावर आकडे मांडले. भोक बारा मिलिमीटरचं, बारीक आट्यांचं. चारही भोकं तशीच असणार. साडेतीन सूत म्हणजे अकरा मिलिमीटरच्या किंचित वर. दोन्हींच्या आट्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं. फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा. त्यामुळे लहान बोल्ट मोठ्या भोकात न अडता पूर्ण जातो आणि धरल्यासारखा राहतो. आक्कांच्या वडिलांच्या काळात कधीतरी, कुठल्यातरी रस्त्यावर, मूळ बोल्ट पडला असावा आणि ड्रायव्हरनं हाताला लागला तो घातला असावा. याला साक्षीदार नाही. पण अण्णा गेली चार वर्षं सर्वांना सांगत आले होते की तो बोल्ट काढताना पाना फारसा लागलाच नाही, लोण्यासारखा सुटला, आणि जुन्या काळच्या कामाची सफाई ती हीच. तो सैल होता म्हणून सुटला होता.

आक्कांनी चहा आणला.

"तुला कसं कळलं?"

आक्कांनी बटणाचं सांगितलं.

"मग मला आधी का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलंतं की. पयल्याच वर्षी."

"मी काय म्हटलं?"

"कंपनीनं मुद्दाम दिलंय म्हणालासा."

अण्णांनी चहा प्यायला. मग कपबशी खाली ठेवून ते उठले आणि दुकानाकडे गेले. बारा मिलिमीटर बारीक आट्यांचे बोल्ट ट्रकवाले नेहमी नेतात. दुकानात दारालगतच्या दुसऱ्या खणात त्यांचा अख्खा डबा असतो. वीस मिनिटांत ते मूठभर घेऊन परत आले. पहिले तीन त्यांनी भिंगाखाली नाकारले. चौथा लावला. आक्का टॉर्च धरून होत्या. "हुईल का आता शुक्रवारी?" त्यांनी विचारलं. अण्णा चाकामागून म्हणाले, "हुतंय."

शुक्रवारी माझी साप्ताहिक सुट्टी नव्हती. रजाही मी घेतली नाही. चारच्या पाळीपर्यंत परत येईन या हिशेबानं गेलो. आक्का चालवत होत्या. अण्णा शेजारी, मांडीवर एकोणीसचा पाना. मी मागे. संकेश्वरपर्यंत अण्णांनी चार वेळा गाडी थांबवून तो बोल्ट तपासला. चारही वेळा तो घट्ट होता. पाचव्यांदा आक्का म्हणाल्या, "उतरायचं आसंल तर पाना घेऊन उतरा. मागनं बस येत्याय." ते उतरले नाहीत.

चिकोडीत तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी कागद पाहिले आणि अण्णांना गाडी पुढे घ्यायला सांगितलं. अण्णांनी आक्कांकडे बोट दाखवलं. आक्कांनी गाडी पुढे घेतली, मागे घेतली, सांगितलं तिथे ब्रेक लावला. चासीचा नंबर, दिवे, वायपर, हॉर्न. हॉर्न वाजला नाही. बाहेरच्या गॅरेजवाल्यानं तार जोडून दिली आणि तो वाजला. अधिकारी सही करणार तेवढ्यात अण्णा पुढे झाले आणि त्यांनी कन्नडमध्ये विनंती केली की साहेबांनी एकदा वाकून स्टिअरिंगचा खालचा बोल्ट बघावा. अधिकाऱ्यांनी विचारलं, स्टिअरिंग फिरतंय ना? अण्णा म्हणाले, फिरतंय. मग झालं, अधिकारी म्हणाले, आणि पाच वर्षांसाठी सही केली.

फाटकाबाहेर अण्णा म्हणाले, "चला, घरी जाऊन राहिलेले तीनबी एकदा काढून बघू. ते तरी मूळचे हाईत का कुणाला ठावं."

आक्कांनी गाडी सुरू केली आणि निपाणीच्या रस्त्याला लावली.

"अगं, बेळगाव हिकडं ऱ्हायलं."

"ठावं हाय."

"दुकान?"

"येणार आसलासा तर बसा," आक्का म्हणाल्या. "न्हायतर स्टँड हितंच हाय."

अण्णा बसून राहिले. मी उतरलो, कारण मला चारच्या आत ऑफिस गाठायचं होतं. पुढचं मी पाहिलेलं नाही. दोघांना वेगवेगळं विचारून घेतलं आणि ते जुळलं. व्हॅन दुपारी निपाणीत पोहोचली. भावाच्या घरी जेवण झालं. अण्णा शनिवारी सकाळच्या बसनं बेळगावला आले आणि त्यांनी दुकान उघडलं. आक्का आठ दिवस राहिल्या आणि एकट्या व्हॅन घेऊन आल्या.

त्या आठ दिवसांत दुकानात या प्रकरणाची जी हकिगत सांगितली गेली, तीत फरक आहे. अण्णांच्या सांगण्यानुसार भोकाच्या मापाचा संशय त्यांना बऱ्याच आधी आला होता आणि खात्री करण्यासाठी त्यांनीच वरचा बोल्ट काढवून घेतला. मी दुकानात उभा असताना त्यांनी ती एका गिऱ्हाइकाला सांगितली आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. आक्का परत आल्यावर त्यांच्याही कानावर ती गेली. त्यांनी ती दुरुस्त केली नाही. आमच्या धंद्यात खुलासा मागितल्याशिवाय छापत नाहीत, आणि त्यांनी मागितला नाही.

डिसेंबरात माझी कोल्हापूरला बदली झाली. खोल्या रिकाम्या करताना पलंगाचा एक बोल्ट मोडला. मी तो तसाच खिशात घालून अण्णांकडे गेलो. त्यांनी तो पाहिला, तीन सूत म्हणाले, आणि मग, पूर्वी कधी न विचारलेलं, विचारलं, "ह्याच्या बाजूचे कसे हाईत?" मी म्हटलं, पाहिले नाहीत. त्यांनी मला घरी परत पाठवलं.

गेल्या महिन्यात सकाळी नऊला मी त्यांना घरी फोन केला. दुकान चालू आहे, तब्येत बरी आहे, गुडघा दुखतो. राहिलेले तीन बोल्ट काढून पाहिले का, असं मी विचारलं. अजून नाही, ते म्हणाले. त्यासाठी गाडी दिवसभर अंगणात उभी पाहिजे. आक्कांना फोन द्यायला सांगितलं, तर आक्का घरी नव्हत्या. व्हॅनही नव्हती.